एकाखाली एक

“हे फोनवरचं एकाखाली एक येणं बंद करा. कॉम्प्युटरवर दिसतं तस्संच फोनवर दिसलं पाहिजे.”

इतकी वर्षं झाली, पण आण्णांचा तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. मोठा नव्हताच तो. ट्रस्टचे अध्यक्ष होते ते, त्यांना आवाज मोठा करावा लागत नसे. बोलून झाल्यावर त्यांनी फोन टेबलावर उलटा ठेवला. त्यांच्या शेजारी दाजी बसले होते. दाजी म्हणजे ट्रस्टचे उपाध्यक्ष, आणि आण्णांच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते खिडकीबाहेर बघत होते. समोरचा चहा गार होऊन वर साय धरली होती. आमच्याकडं जावईमाणसानं चहाला हात लावला नाही की काय समजायचं ते घरातली पोरंसुद्धा समजतात.

भरतेशनं माझ्याकडं बघितलं. भरतेश माझा धाकटा दीर. सांगलीत वेबसाइट करून देण्याचं आमचं लहानसं ऑफिस होतं. गिऱ्हाईक तो आणायचा, पानं मी बांधायचे.

“काय चुकलंय त्यात?” मी विचारलं.

“काय म्हणालात?” आण्णांनी कान पुढं केला. माझं बोलणं पहिल्या खेपेला कुणालाच ऐकू जात नाही.

“काय चुकलंय, म्हटलं.”

“कॉम्प्युटरवर काही चुकलेलं नाही. मध्ये आप्पांचा फोटो, या बाजूला माझा, त्या बाजूला दाजींचा. शोभतंय. आणि फोनवर बघितलं तर सगळ्यात वर मी, माझ्याखाली आप्पा, आणि दाजी पार तळाला. माझ्या वडलांच्या डोक्यावर मी बसलोय ताई, आणि घरचा जावई पायाशी!”

“असू दे की,” दाजी खिडकीला म्हणाले. “पाहुण्याला ओसरी पुरते.”

“बघा, ऐका!” आण्णा म्हणाले.

ज्या फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावर, आम्ही साइट उभी करायचो त्याला पडद्याची रुंदी कळायची. पडदा मोठा असला की ते पानातले कप्पे शेजारी शेजारी मांडायचं. फोनसारखा अरुंद असला की तेच कप्पे एकाखाली एक लावायचं. त्यामुळं अक्षर मोठं राहतं आणि बोटाला बटण सापडतं. आण्णांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली, आणि मला कळलं की त्यांना समजलंय, पण त्याचा काही उपयोग नाही.

“आप्पांना सगळ्यात वर घेते,” मी म्हणाले. “मग तुम्ही, मग दाजी.”

“म्हणजे दाजी खालीच.”

“मग आधी दाजी, आणि—”

“मी अध्यक्ष आहे, ताई.”

“फोनवर फोटो ठेवायचेच नाहीत. कॉम्प्युटरवर राहू देत.”

तेव्हा मात्र दाजी खिडकीतून वळले. “म्हणजे खेड्यातल्या माणसाला आम्ही दिसायचंच नाही? तो बघणार फोनच की!”

“तिघांचे लहान फोटो एका ओळीत बसवते मग.”

“रेशनकार्डावर असतात तसे?” आण्णा हसले. “आणि खाली विश्वस्त आहेत, त्यांचं काय? डावीकडं आमच्या बाजूचे, उजवीकडं दाजींच्या बाजूचे. तेही एकमेकांच्या डोक्यावर चढतात. नको. सगळंच बंद करा. शेजारी शेजारी बसलं की कुणी कुणाच्या खाली नसतं.”

भरतेश म्हणाला, “होऊन जाईल आण्णा. दहा मिनिटांचं काम.”

दाजींनी कपातली साय बोटानं बाजूला केली आणि ते चहा प्यायले.

*

साइट कशासाठी होती ते सांगायला हवं. ट्रस्टचं डायलिसिस केंद्र होतं. मशीन थोडी, माणसं फार. ज्याचा त्याचा वार ठरलेला असायचा, पण कुणी न सांगता आलं नाही की मशीन रिकामं जायचं. म्हणून नियम निघाला, की आदल्या संध्याकाळी पाच ते सात या दोन तासांत प्रत्येकानं फोनवरून साइटवर ‘येणार’ किंवा ‘येणार नाही’ कळवायचं. ‘येणार नाही’ दाबलं, किंवा काहीच दाबलं नाही, की तो नंबर वाट बघत असलेल्या दुसऱ्या पेशंटला जायचा. असं दोनदा झालं की ठरलेला वारच जायचा. साइट आली म्हणून काउंटरवर फोन घेणं बंद झालं होतं.

ते पान बांधताना मी रोज केंद्रात जाऊन बसायचे. माणसं बोट कशी लावतात, कुठं अडतात, ते बघायचं होतं. तिथं मला ऐवळे काका भेटले. मारुती ऐवळे, एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. साखरेनं डोळे अधू केले होते, मग किडनीनं गाठलं. आठवड्यातून तीनदा बोरवाडीहून गाडीनं यायचे. डावा हात मशीनला जोडलेला, उजव्या हातात पोस्टातल्या भाच्यानं दिलेला जुना टचस्क्रीन फोन.

“ताई, अक्षर मोठं करा वो,” ते म्हणाले. “मी गाडीचा बोर्ड वाचणारा मानूस. तिकिटावरचं मला दिसत न्हाई.”

मी लॅपटॉपवर आकडा बदलला. “एवढं?”

“आजून.”

“आता?”

“हां. ही लांब पल्ल्याची गाडी झाली बगा.”

‘येणार’चं बटण मी हिरवं केलं, फोनच्या रुंदीभर. ‘येणार नाही’ लाल, अगदी खाली, मध्ये भरपूर मोकळी जागा सोडून.

“ही येवडी जागा कशाला मोकळी ठेवली? ह्यात चार शिटं बसतील.”

“चुकून दुसऱ्यावर बोट पडू नये म्हणून.”

“चढायचं दार येगळं, उतरायचं येगळं. झ्याक!” आणि त्यांनी अंगठा हिरव्यावर दाबला. बरोबरची खूण उमटली. “डबल बेल!” काका एवढ्यानं ओरडले की पलीकडच्या कॉटवर झोपलेल्या बाई दचकून उठल्या आणि सिस्टर धावत आल्या.

“ऐवळे काका, हात हलला तर सुई निघंल. ही एस.टी. आहे का?”

“एस.टी. असती तर तुमास्नी उभं राहून जाऊ दिलं नसतं, सिस्टर. बसा की.”

सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचा माझा नियम त्यांना कळला होता. उन्हं कलायला लागली की तेच मला उठवायचे. “चला ताई, सूर्य डेपोत निगाला. तुमची शेवटची गाडी.” एकदा उठताना त्यांनी विचारलं, “हे असंच ऱ्हाईल न्हवं? का आमाला सवय लागली की बदलशीला?”

“असंच राहील काका,” मी म्हणाले.

उद्घाटनाआधी महिनाभर ते पान चाललं. पहिले एकदोन दिवस सोडले तर कुणाचा नंबर चुकला नाही.

*

“एक ओळ तर काढायची आहे, वहिनी.”

आण्णांकडून परत आलो त्याच दुपारची गोष्ट. भरतेश खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी बसला होता. खरंच एकच ओळ असते. पानाच्या डोक्याशी असते आणि फोनला सांगते, की तुझ्या रुंदीएवढाच हो. ती काढली, बाहेरच्या चौकटीची रुंदी कायमची ठरवून टाकली, कप्प्यांची नावं बदलली, की पान दुमडायचं थांबतं. त्या फ्रेमवर्कच्या माहितीतच हे कसं बंद करायचं ते पायरीपायरीनं दिलेलं होतं. मग पान फोनवरही कॉम्प्युटरएवढंच उघडतं, आणि फोनमध्ये मावण्यासाठी मुंगीएवढं होतं.

“मी नाही काढणार,” मी म्हणाले.

“काय?”

“मी काढणार नाही, म्हटलं.”

तो हसला. “तुम्ही रागावलात तरी माळ ओढत बसल्यासारखं वाटतं, वहिनी.”

“भरतेश, नंबराचं पान तेवढं वेगळं ठेव. बाकी साइट आण्णांना हवी तशी कर. ते एक पान मी सांभाळते.”

“त्या पानावरही वर तिघांचे फोटो आहेत.”

“त्याच्यावरचे काढू.”

“प्रत्येक पानावर फोटो, असा शब्द दिलाय मी. आणि उद्घाटनाला आण्णा नेमकं तेच पान उघडून दाखवणार आहेत.” त्यानं माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली उगाच सरळ केली. “वहिनी, आण्णांचा मेहुणा साखर कारखान्याच्या संचालकांत बसतो. दाजींच्या भावाच्या शाळा आहेत. ही साइट त्यांच्या मनासारखी झाली की पुढच्या आपल्याच आहेत. तुम्हाला नाही कळायचं ते. तुमचं बरं आहे, तुम्हाला काही नकोच असतं.”

“मला ते बटण हवंय,” मी म्हणाले. ते त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

ते काम त्यानं स्वतः केलं. झाल्यावर फोन माझ्यापुढं धरला. “बघा. तिघं शेजारी शेजारी.”

“‘येणार’ कुठं आहे?”

त्यानं बोट फिरवलं, मग पडदा दोन बोटांनी ताणला, मग सरकवला. “हे काय.”

हिरवं आणि लाल शेजारी शेजारी आली होती. ताणायच्या आधी ती ज्वारीच्या दोन दाण्यांसारखी दिसत होती, एकमेकांना चिकटलेली. दाबल्यावर ‘नक्की का?’ असं विचारणारी चौकट यायची, पण तीही तेवढीच बारीक, आणि तिच्यात पुन्हा दोन दाणे.

“ज्याचा एक हात मशीनला आहे त्यानं दोन बोटांनी कसं ताणायचं?”

“ते आदल्या दिवशी घरून दाबतात, वहिनी,” तो म्हणाला. “तुम्हीच बांधलंय ना?”

त्याचं बरोबर होतं.

*

उद्घाटनाला मांडव घातला होता. आण्णांनी फोन उघडला, तो मागच्या मोठ्या पडद्यावर दिसला. मध्ये आप्पा, दोन्ही बाजूंना दोघं. टाळ्या झाल्या. मग लाभार्थी म्हणून ऐवळे काकांना वर बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, खिशाला पेन. व्यासपीठावर लॅपटॉप होता. त्यावर हिरवं बटण चांगलं दिसत होतं. काकांनी ते दाबलं आणि माइकवर म्हणाले, “डबल बेल!” सगळा मांडव हसला. दाजींनी आपल्या हातानं आण्णांना पेढा भरवला. माणसं म्हणाली, किती दिवसांनी दोघं एका व्यासपीठावर.

मी मागं पाण्याच्या टाकीपाशी उभी होते. काका मला शोधत आले. हातात फोन.

“ताई, ह्यात ते कुटं गेलं वो?”

मी त्यांना पडदा ताणायला शिकवलं. त्यांची बोटं सुजलेली होती. एक बोट लागलं की दुसरं सरकायचं, आणि पान भलतीकडं पळायचं. एकदा पान आण्णांच्या चेहऱ्यावर जाऊन थांबलं, फोनभर फक्त मिशा.

“साहेब लई जवळ आले,” काका म्हणाले. पण हसले नाहीत.

“काका, संध्याकाळी मला फोन करत जा. तुमचं मी इथून दाबीन.”

“न्हाई.” त्यांनी फोन खिशात घातला. “जल्मभर लोकांची तिकिटं फाडली. आता आपलं दुसऱ्याकडनं फाडून घिऊ? जमंल मला. तुमी म्हनला हुता असंच ऱ्हाईल म्हनून इचारलं.”

ते मांडवाकडं गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटत राहिलं.

*

पुढच्याच आठवड्यात मी केंद्रावर गेले होते. काउंटरवरच्या मुलीला काही दाखवायचं होतं. ऐवळे काका नेहमीच्या गाडीनं आले, चप्पल काढून आत निघाले.

“काका, थांबा,” ती म्हणाली. “तुमचा नंबर नाही आज. काल ‘येणार नाही’ आलंय.”

“मी येनार दाबलं.”

“इथं ‘येणार नाही’ दिसतंय.”

“अगं मानूस हितं उबा हाय तुज्यापुढं! न येनारा मानूस येतोय व्हय?”

“दुसरा पेशंट लावला, काका. जतहून आलाय बिचारा.”

काका दारातून आत बघत राहिले. त्यांच्या मशीनपाशी एक तरुण माणूस झोपला होता, डोळे मिटून. त्याची बायको पायाशी बसली होती.

“असू दे,” ते म्हणाले. “लावलाय त्याला उटवू नगा.” आणि बाकावर बसले. पावलं चपलेत मावत नव्हती इतकी सुजली होती. दुपारी एका मशीनवर थोडा वेळ मिळाला म्हणून त्या दिवशीचं निभावलं. पण एक चूक त्यांच्या नावावर चढली.

मी तशीच आण्णांच्या घरी गेले. मधल्या काळात घरी बसून मी नंबराचं पान वेगळं बांधून ठेवलं होतं. वर फोटो नव्हते, फक्त आप्पांचं नाव मोठ्या अक्षरात. लॅपटॉप उघडून त्यांच्यापुढं ठेवला. आतल्या खोलीत जेवणाची पानं मांडली जात होती. कुणीतरी मोठ्यानं हसत होतं, दाजीच.

“ताई,” आण्णांनी लॅपटॉप हळूच मिटला. “नियम सगळ्यांना सारखा. एकाचं बोट चुकलं म्हणून साइट बदलायची?”

“एकाचं नाही चुकणार आण्णा. सगळ्यांचंच चुकेल.”

“काय म्हणालात?”

मी पुन्हा सांगितलं.

“आवाज ऐकताय ना आतला?” ते म्हणाले. “माझी बहीण माहेरी जेवायला आलीय. दोन दिवाळ्या आली नव्हती. तुमच्यासारखी धर्म पाळणारी बाई, तुम्हाला तरी याचं मोल कळावं. घर एक राहिलं तर ट्रस्ट राहील. ट्रस्ट राहिला तर मशीन राहतील. जेवून जा.”

“माझी वेळ टळली,” मी म्हणाले. बाहेर अजून ऊन होतं. त्यांनी ते बघितलं, मीही बघितलं.

*

दुसऱ्यांदा चुकलं तेव्हा मी तिथं नव्हते. मला कळलं तोवर काकांचा वार गेला होता. त्यांचं नाव वाट बघणाऱ्यांत, तळाला. मिरजेच्या हॉस्पिटलात विचारलं, तिथंही वाट बघा म्हणाले. मी भरतेशला म्हटलं, आण्णांना तू सांग, तुझं ऐकतील. तो म्हणाला, सांगतो. नंतर विचारलं तर म्हणाला, विषय काढायला वेळ सापडला नाही.

मग एका दुपारी जेवताना त्यानंच सांगितलं.

“वहिनी, ते तुमचे कंडक्टर गेले. छातीत पाणी झालं म्हणे.” त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. “साखर होती, वय होतं. साइटमुळं असं कुणी म्हणू शकणार नाही.”

“कुणी म्हणालं का?”

“नाही.”

“मग?”

तो तुकडा आमटीत बुडवून म्हणाला, “आण्णा साइटवर श्रद्धांजली टाका म्हणालेत. फोटो असेल का त्यांचा तुमच्याकडं? तो व्यासपीठावरचा चालेल.”

मी ताटाला नमस्कार करून उठले. पान टाकून उठायचं नाही असं आईनं शिकवलेलं, आणि तोवर मी तसं कधी उठले नव्हते.

*

बोरवाडीला मी गाडीनं गेले. काकांचे दिवस व्हायचे होते अजून. काकांचं घर शाळेमागच्या बोळात. सोनाबाई काकी भिंतीला टेकून बसल्या होत्या, कपाळ मोकळं. दोन म्हाताऱ्या बाया आणि काकांची विधवा बहीण जवळ होत्या. कोपऱ्यात दिवा लावला होता.

मी माझं नाव सांगितलं. काकी म्हणाल्या, “वळकलं. तुमी बटनवाल्या ताई.” आणि हात धरून जवळ बसवलं. बहीण पाणी आणायला उठली, तर त्याच म्हणाल्या, “त्या बाहेरचं पीत न्हाईत. त्येनी सांगितलं हुतं.”

मला रडू यायचं होतं, पण काकी रडत नव्हत्या, मग मलाही आलं नाही.

“काकी, त्यांना मी म्हटलं होतं मला फोन करा म्हणून.”

“त्ये म्हनले मला.”

“दुसऱ्या वेळेला तरी करायला हवा होता. जपून दाबायला हवं होतं. किती वेळ असतो, दोन तास असतात.”

काकी माझ्याकडं बघत राहिल्या. “आपलं दाबायला येळ कुटं ऱ्हायचा त्यास्नी?”

“म्हणजे?”

“पयली दुसऱ्यांची दाबायची हुती न्हवं.”

मला कळेना. तेव्हा काकांची बहीण म्हणाली, “तुमास्नी ठावं न्हाई व्हय? ह्या अंगाच्या गावातली पाच मान्सं जात्यात त्या मशिनीला. त्यातल्या चौघांस्नी फोन न्हाई, न्हाईतर वाचता येत न्हाई. मारुती सगळ्यांचं दाबायचा.”

“आदी समदं सोपं हुतं,” काकी म्हणाल्या. “वट्यावर बसायचे, पाच मिंटांत पाची जनांचं. मोठं बटन हुतं. मग त्ये बारीक झालं. मग शाळंतल्या बाईंच्याकडं जायचे, त्येंच्या डोळ्याखालनं दाबायला. एकेकाला लई येळ लागायचा. इकडं पळायचं, तिकडं पळायचं. आनि बाईंची गाडी सहाची. चौघांचं हुईस्तोवर गाडी यायची. बाई गेल्या की आपलं एकट्यानं दाबायचे, अंदाजानं.”

“पहिलं स्वतःचं का नाही दाबायचे?”

हे मी मोठ्यानं विचारलं असावं, कारण दोन्ही म्हाताऱ्या वळून बघायला लागल्या.

“म्या बी तेच म्हनले,” काकी म्हणाल्या. “तर म्हनले, समद्यांस्नी जागा दिल्याबिगर कंडक्टर बसतोय का कुटं?”

बाहेर शाळा सुटल्याची घंटा झाली. पोरांचा गलका बोळातून गेला. काकींनी मान वर करून ऐकलं.

“आज कोन वार?”

“बुधवार,” बहीण म्हणाली.

“उद्या नंबर हाय त्येंचा. शनवारचं झालं, मंगळवारचं बी केलं कसंबसं शेजारच्या पोराला धरून. आज पोरगं न्हाई.” त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या.

“वैनी, कुटं?” बहिणीनं पदर धरला. “दिवस व्हायचं हायीत. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं न्हाई. लोक काय म्हनतील?”

“काकी, बसा तुम्ही,” मी पिशवीतून माझा फोन काढला. “मी दाबते. मला नावं सांगा. आत्ता होईल.”

त्या थांबल्या. माझ्या हातातल्या फोनकडं बघितलं, मग माझ्याकडं. “तुमी आज हाय. परवा?”

मी फोन खाली केला.

“परवा तुमी यनार न्हाई, ताई. तुमचं चुकतंय असं न्हाई. पर यनार न्हाई.” त्यांनी बहिणीच्या मुठीतून पदर सोडवून घेतला, अगदी हळू, झोपलेल्या लेकराच्या हातातून सोडवावा तसा. “जाताना त्येनी मला इचारलं. चौघांचं कोन बगंल? म्या म्हनले, मी बगीन. मला वाचता येत न्हाई, पर नावं पाठ हायीत. बाईस्नी वाचता येतं.”

“अगं पर आजच—”

“गाडी सहाची हाय बाईंची.”

देव्हाऱ्याखालून त्यांनी काकांचा फोन घेतला आणि पदराच्या टोकात बांधला. दिव्यात तेल आहे की नाही ते वाकून बघितलं. म्हाताऱ्या बायांतल्या एकीनं पाय आखडून वाट दिली. काकींनी डोक्यावरचा पदर कपाळाच्या खालपर्यंत ओढला, उंबऱ्याशी क्षणभर थांबून उजवा पाय बाहेर टाकला, आणि ओठांतल्या ओठांत चार नावं म्हणत भिंतीच्या कडेकडेनं शाळेकडं निघाल्या.